इवायाले करंट

सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात आणि विजातीय प्रभार एकमेकांना ओढून घेतात, हे आपल्याकडं शाळेत शिकवतात. पोरं ते पाठ करतात, दोन मार्क पदरात पाडून घेतात, मोठी होतात आणि वधू-वर परिचय मेळाव्यात 'फक्त सजातीय' असं छापलेल्या फॉर्मवर मुकाट्यानं सही करतात. आमच्या मामांनी तर पोरीसाठी स्थळ पाहताना ही अट लाल पेनानं दोनदा अधोरेखित केली होती. मी भीत भीत म्हणालो, "मामा, सायन्समध्ये उलटं आहे." मामा म्हणाले, "सायन्सले कोनाच्या घरी पोरगी द्याची हाय? चूप बस."

मामा मूर्तिजापूरकडचे. बारा एकर कापूस, थोडी तूर. शेवटी जुळलेलं स्थळ अमरावतीचं निघालं. जात तीच, पोटजात तीच, पत्रिकाही बरी. तरी मामांना ते जरा जडच गेलं, कारण अकोला आणि अमरावती ही प्रकरणं मुळात सजातीय आहेत. बोली तीच, ठेचा तोच, ऊन तेच, आणि म्हणूनच एकमेकांकडं पाहायची तयारी नाही. अमरावतीकराच्या मते अकोला म्हणजे नुसता बाजार. अकोलेकराच्या मते अमरावती म्हणजे नुसत्या डिग्र्या. अमरावतीकडं विद्यापीठ, तर अकोल्याकडं १९६९ पासून कृषी विद्यापीठ. आणि त्याला नाव कोणाचं, तर अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांचं. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून अमरावतीचं विमान उडालं, तेव्हापासून तर अकोल्यात चारचौघांत आपल्या शिवणीच्या धावपट्टीचा विषय काढायची सोय उरलेली नाही.

लग्न मे महिन्यात, अकोल्यात. पारा ४५ च्या पुढं. मंगल कार्यालयात सहा कूलर होते आणि सहाही कूलरांची तोंडं वरपक्षाकडं वळवलेली. वधूपक्ष उन्हाळ्यात लग्न काढतो तेव्हा त्यानं घामाचीही तयारी ठेवायची असते. फक्त आमच्याकडं घाम दिसत नाही. दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि घाम बाहेर पडताच उडून जातो. मुंबईचा माणूस मे महिन्यात चिंब होतो, आमचा माणूस पापडासारखा वाळतो. पुढचं सगळं रामायण या कोरडेपणामुळंच घडलं, म्हणून सांगून ठेवतो.

मामांनी लग्नासाठी नवा सफारी शिवला होता. बदामी रंग, कापड टेरिकॉट. आहेरात इवायालाही तसंच कापड द्यायचं ठरलं होतं, म्हणून एकाच ताग्यातून दोन पीस फाडून घेतले होते. (इवाई म्हणजे व्याही, ईन म्हणजे विहीण. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) मामा सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माणसं मोजत होते. इवाई अमरावतीचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या अंगावर शुभ्र सुती धोतर आणि सुती सदरा. म्हणजे कापूस पिकवणारा टेरिकॉटमध्ये आणि आयुष्यभर फायली पिकवणारा कापसात, अशी वाटणी होती.

आमच्याकडं इवायाचेही पाय धुवायची पद्धत. त्यांना पाटावर बसवलं, पाय पितळेच्या परातीत ठेवले, मामींनी तांब्यानं पाणी घातलं. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला मामांना हाक गेली. ते खुर्चीवरून ताडकन उठले, बूट काढले, पण नायलॉनचे मोजे विसरले. मांडववाल्याच्या हिरव्या कारपेटवरून पाय घासत घासत लगबगीनं आले, वाकले, अनामिकेवर कुंकू घेतलं आणि बोट इवायाच्या कपाळाकडं नेलं. बोट आणि कपाळ यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहिलं असेल, तोच 'टक्' असा आवाज आला. निळी ठिणगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"मायबाई!" इवाई ओरडले, पाय उचलले, परात कलंडली, पाणी कारपेटवर. वरपक्षाकडून कोणीतरी म्हणालं, "काहून बाप्पा, पोरगी देऊन राह्यले का करंट देऊन राह्यले?"

मामांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांनी पहिला वार लाइटवाल्यावर केला. तो बिचारा टेस्टर घेऊन आला आणि पाटाला, परातीला, कूलरला, समईला आणि शेवटी, कोणाच्या लक्षात यायच्या आत, मामांच्या कोपरालाही टेस्टर लावून पाहिला. कुठंच लाइट लागेना. "भाऊ, करंट नाई कुठंच," तो म्हणाला. "नाई कसा? मंग त्याईच्या कपायाले काय लागलं?" यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. न विचारता सांगायला गेलो, तर वरपक्षातल्या एका काकांनी मला हाताला धरून जिलबीच्या पंगतीकडं नेऊन बसवलं.

तिथं जे सांगता आलं नाही, ते इथं सांगतो.

दोन वस्तू एकमेकींना घासल्या की वीज तयार होते असं आपण म्हणतो, पण तयार काहीच होत नाही. नुसती वाटणी होते. एका वस्तूवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्याकडं जास्त येतात ती ऋण, जिचे जातात ती धन. भावकीतल्या वाटणीसारखंच; जमीन तितकीच राहते, फक्त एक भाऊ फुगतो आणि दुसरा चिडतो. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकाच्या मध्यावर ठेवली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि तेव्हा कळलं की ज्याच्याकडं माल जास्त येतो त्याला आपण दीडशे वर्षं ऋण म्हणत आलो. सातबारावर एकदा चुकीचं नाव चढलं की जे होतं तेच झालं. फेरफार करायला आता कोणी तयार नाही.

मामा खुर्चीवर बसले तेव्हा टेरिकॉट आणि प्लास्टिक यांच्यात अशी वाटणी झाली. उठले तेव्हा दोन्ही हिस्से वेगळे झाले. पुढं मोजे आणि कारपेट यांनी त्यात भर घातली. एरवी हा साठा हवेतल्या ओलाव्यामुळं हळूहळू निघून जातो, कारण दमट हवेत कापडावर, कातडीवर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि त्यातून प्रभार जमिनीकडं झिरपतो. म्हणून मुंबईत टेरिकॉट घालूनही माणसं निर्धास्त हात मिळवतात. आमच्याकडं मे महिन्यात झिरपायला पाणीच नसतं, नळालाही नसतं. मामा सगळा साठा अंगावर घेऊन चालत आले आणि समोर काय होतं? कूलरच्या ओल्या हवेत भिजलेलं सुती धोतर, ओले पाय आणि पितळेची परात. कपाळाला इतकं पक्कं अर्थिंग मुद्दाम कोणी केलं नसतं.

हवेतून एक सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. तांदळाच्या दाण्याचं अंतर धरलं तर मामांच्या अनामिकेवर दहा ते वीस हजार व्होल्ट असावेत. घरात २३० व्होल्ट असतात आणि त्यांना आपण घाबरतो, मग इवाई वाचले कसे? कारण साठा चिमूटभर होता. दाब मोठा, माल थोडा. मामांच्या स्वभावाबद्दल मामींचंही हेच मत आहे.

शाळेत आम्हाला हा धडा ऑगस्टमध्ये शिकवला होता. बाहेर झड लागलेली, वर्गात हवा ओलीचिंब, आणि सर म्हणाले, कंगवा केसांवर घासा व कागदाच्या कपट्यांजवळ न्या. वर्गातल्या पन्नास डोक्यांवर मिळून अर्धा किलो खोबरेल तेल तरी असेल. आम्ही कंगवे घासले. कागदाचे कपटे कंगव्याला चिकटलेही, अगदी घट्ट चिकटले, पण ते तेलानं. सरांनी प्रयोग यशस्वी म्हणून लिहून घेतला. स्थितिक विद्युतेबद्दल माझ्या मनात बराच काळ अशी समजूत होती की तिला खोबरेलाचा वास येतो.

या कपट्यांबद्दल आणखी एक गोष्ट आहे. कागदावर प्रभार नसतो. तो ना सजातीय, ना विजातीय. तरी कंगवा त्याला ओढतो. कंगवा जवळ आला की कागदातले प्रभार किंचित सरकतात. विरुद्ध जातीचे कंगव्याकडच्या बाजूला येतात, त्याच जातीचे पलीकडं जातात. ओढ आणि ढकल दोन्ही चालू असतात, पण ओढणारे जवळ असल्यानं ओढ जिंकते. पुढची मजा फ्रेंच शास्त्रज्ञ द्यु फे यानं १७३३ मध्ये पाहिली. सोन्याचा हलका वर्ख घासलेल्या काचेकडं धावत जायचा, तिला टेकायचा आणि लगेच उलटा पळायचा. टेकल्याबरोबर काचेचाच प्रभार त्याला मिळायचा. तो सजातीय व्हायचा आणि काच त्याला ढकलून द्यायची. नव्या जावयाचं पहिलं वर्ष ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना द्यु फे वाचायची गरज नाही. आधी केवढं आकर्षण, मग एकदा घरचा माणूस झाला की "बसा, पाणी तिकडं आहे."

म्हणून भौतिकशास्त्रात ओढीवर भरवसा ठेवत नाहीत. दोन वस्तू एकमेकींकडं खेचल्या गेल्या तर त्यातली एक रिकामीही असू शकते. दोन्ही भरलेल्या आहेत हे कळतं ते त्या एकमेकींना ढकलतात तेव्हाच. प्रतिकर्षण हीच खरी परीक्षा, असं पुस्तकात असतं. भांडायला दोघं लागतात, हे आमच्या आजीला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

घासलेल्या वस्तूचं हे कौतुक फार जुनं. ग्रीक लोक अंबर घासायचे आणि त्याला भुसा चिकटायचा. त्यांच्या भाषेत अंबर म्हणजे इलेक्ट्रॉन, तिथून सगळ्या जगाला 'इलेक्ट्रिक' शब्द मिळाला. संस्कृतात याच अंबराला तृणमणी म्हणतात, गवत ओढणारा मणी. फारसीत कहरुबा, म्हणजे गवतचोर. ग्रीकांनी नाव ठेवलं, आपण गुण सांगितला आणि इराण्यांनी सरळ फिर्यादच दाखल केली. वैशेषिकांचे कणाद सुई चुंबकाकडं का जाते याचं कारण देताना 'अदृष्ट' म्हणून मोकळे झाले होते. आमच्याकडं लग्न जुळल्याचं कारण विचारलं तर अजूनही तेच सांगतात.

खरी गंमत मला वेगळीच वाटते. सुती कापड हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरून ठेवतं. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. कापसाच्या अंगावर म्हणूनच प्रभार टिकत नाही. घासून कोण किती धन आणि किती ऋण होतं याची जी यादी असते, तिच्यात कापूस साधारण मध्यावर, कोणाच्याही अध्यात ना मध्यात. इतका समजूतदार धागा ज्या मातीत पिकतो, तिथली माणसं अंगावर टेरिकॉट घालून एकमेकांना चटके देतात. वऱ्हाडच्या कापसासाठी इंग्रजानं रेल्वे टाकली, १८७० मध्ये खामगावपर्यंत फाटा नेला, मूर्तिजापूरच्या दोन्ही बाजूंना शकुंतला नावाची गाडी धावली. कापूस गेला आणि टेरिकॉट आलं. मामांना विचारलं तर म्हणतात, "सुती कपड्याले इस्तरी कोन करन? आन् घडी मोडते लवकर." बारा एकरांचा मालक इस्तरीला भितो.

त्या कापसाचंही नशीब पाहा. नोव्हेंबरात गाडी भरून नेली तर ओलावा जास्त. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर कपात आणि बाराच्या पुढं गाडी परत. तोच कापूस फेब्रुवारी-मार्चात जिनमध्ये इतका कोरडा होतो की सरकीपासून सुटलेली रुई प्रभारित होऊन पत्र्याला, पाइपाला, भिंतीला चिकटते. गाठ नीट दाबली जात नाही. मग तिथं हवेत पाणी फवारतात. जिनमधून बाहेर पडणाऱ्या कामगाराकडं एकदा जवळून पाहिलं होतं. भुवया, मिशा, कानांवरची लव, सगळीकडं पांढरी रुई उभी. तो हातानं झटकत होता आणि झटकली की हातालाच चिकटत होती. दुसऱ्या हातानं काढली तर त्या हाताला. शेवटी तो नळाखाली जाऊन बसला. पाणी मारणं हाच उपाय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

या ओढीला आपण पोरखेळ समजतो, पण अर्धी दुनिया तिच्यावर चालली आहे. अकोला जिल्ह्यातलं पारसचं औष्णिक वीज केंद्र घ्या. कोळसा जाळल्यावर धुराबरोबर राख निघते. ती चिमणीतून बाहेर पडण्याआधीच तिच्या कणांना प्रभार देतात आणि विरुद्ध प्रभाराच्या लोखंडी पत्र्यांकडं ओढून घेतात. मग पत्र्यांवर हातोडे आपटतात आणि राख खाली पडते. म्हणजे जी वीज पारसवरून निघते, तिच्याबरोबरच तिथं अशी कंगवा-कागदाची गोष्ट घडत असते.

आणि झेरॉक्स! अमरावतीत कचेरीकडच्या कोणत्याही रस्त्याला दर चार पावलांवर झेरॉक्सचं दुकान. आतल्या फिरत्या नळीवर अक्षरांच्या जागी प्रभार ठेवतात, काळी भुकटी तिथंच ओढली जाते, तिथून ती प्रभारित कागदावर उतरते आणि उष्णतेनं चिकटते. चेस्टर कार्लसन नावाच्या, पेटंटच्या कागदांच्या नकला करून कंटाळलेल्या माणसानं २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली अशी नक्कल काढली. त्यासाठी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा घासून प्रभारित केला तो सुती रुमालानं. कापसाचा हा उपकार कोणत्याही तहसील कचेरीत लिहिलेला नाही. सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि 'दोन प्रती, स्वतः साक्षांकित' हे सगळं आपल्याकडं ज्या आकर्षणावर चाललं आहे, त्याचा देशप्रेमाशी काही संबंध नाही.

आभाळातली वीजही याच घराण्यातली, पण तिच्यावर आमच्याकडं विनोद करत नाहीत. जूनमध्ये निंबाखाली उभ्या राहिलेल्या माणसाची बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात येते.

लग्नानंतर दोन्ही घरांत बरेच दिवस अबोला राहिला. कूलाँब नावाच्या शास्त्रज्ञानं १७८५ मध्ये मोजून दाखवलं की दोन प्रभारांतलं अंतर दुप्पट केलं की बळ एक चतुर्थांश होतं, आणि अंतर निम्मं केलं की चौपट. पूर्वी अकोला-अमरावती रस्ताच असा होता की राग मूर्तिजापूरपर्यंत पोचता पोचता थकायचा. पण जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम केला गेला. रस्ता गुळगुळीत झाला आणि शंभरेक किलोमीटरवरची अमरावती अकोल्याहून दीड-दोन तासांवर आली. कूलाँबच्या हिशेबानं आता बळ वाढणार होतं. ढकलायचं की ओढायचं एवढाच प्रश्न होता.

संक्रांतीला मामा तिळगूळ घेऊन अमरावतीला निघाले. मलाही बरोबर घेतलं, बहुधा साक्षीदार म्हणून. जानेवारीतली कोरडी थंडी, ओठ फुटलेले, चादर अंगावरून ओढली की अंधारात चरचर आवाज यायचे दिवस. मामींनी बजावलं होतं म्हणून मामा या वेळी सुती धोतर नेसले होते, इस्तरीसकट. पायात कातडी वहाणा. गेटशी मी म्हणालो, "मामा, आधी गेटला हात लावा." त्यांनी दोन्ही हात लावले, एकदा कपाळही टेकवलं.

इवाई अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. प्लास्टिकची. मामांना पाहताच ते उठले, चेहऱ्यावर मेपासून साठवलेलं सगळं विसरल्यासारखं हसू. अंगावर नवा कोरा बदामी सफारी.

"तुमच्याच आहेराचा हाय," ते म्हणाले. "आजच घातला. मस्त बसला."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीकडं पाहिलं. इवायांच्या पायात रबरी स्लिपर होत्या. त्यांनी तिळगुळाची वडी चिमटीत धरून हात पुढं केला, मामांनी हातही पुढं केला आणि तोंडही उघडलं, कारण आता मागं सरणं बरं दिसलं नसतं.

टक्.

मामा दोन पावलं मागं गेले, वडी अंगणात पडली, आतून ईन धावत आल्या. इवाई आपल्या बोटाकडं पाहत उभे. मामांनी ओठ चोळला, खाली वाकून वडी उचलली, फुंकर मारून तोंडात टाकली आणि म्हणाले, "फिटलं, बाप्पा."